अडीच स्टार

अंधेरीत सिनेमा करणारे रगड सापडतात. कास्टिंगवाले, मेकअपदादा, लाइटदादा, आणि आरामनगरच्या गल्ल्यांमधून ऑडिशनच्या रांगेत केस सारखे करत उभे असलेले भावी नायक. दुर्मिळ आहे तो प्रेक्षक. सुदैवाने त्यातला एक आमच्याच बिल्डिंगमध्ये, पंपहाऊसजवळ, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोर्सचं नाव मध्यंतरी बदललं, पण त्याची आई अजूनही बीएमएमच म्हणते आणि आम्हीही. बघितलेल्या प्रत्येक गोष्टीला तो अडीच स्टार देतो, म्हणून बिल्डिंगमध्ये त्याचं नाव ‘अडीच’.

अडीचच का, हे मी एकदा विचारलं होतं. “काका, तीन दिले की मित्र म्हणतात हा कशावरही खूश होतो. दोन दिले की म्हणतात, मग बघितलास कशाला?” अडीचात अब्रू राहते. साडेतीनच्या वरचा माल फक्त इराण आणि कोरियातून येतो. पाच स्टार त्याने अजून कुणालाच दिलेले नाहीत; ते राखीव आहेत, बहुधा स्वतःच्या पहिल्या शॉर्टफिल्मसाठी.

त्याचं चिंतन मोबाइलमध्ये चालतं, आणि ते मला वाचून दाखवण्याची त्याची तयारी नेहमी असते. “सातवा भाग. नायिका खिडकीत उभी राहते. खिडकी म्हणजे व्यवस्था.” आठव्या भागात नायिकेने तीच खिडकी पुसली, तेव्हा त्याला रात्री झोप आली नाही.

वेळ मोजायची त्याची स्वतंत्र पद्धत आहे. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली ती लोकांची सोय व्हावी म्हणून, अशी आपली भाबडी समजूत. अडीचच्या मते ती ‘फ्रेंड्स’साठी बांधली: साधारण अकरा किलोमीटर, बारा स्टेशनं, वीस-बावीस मिनिटं, म्हणजे नेमका एक एपिसोड. असे २३६ एपिसोड. घाटकोपरला त्याचं काहीही काम नसतं. पण शेवट राहिला तर परतीच्या गाडीत पुरा होतो. चर्चगेटची स्लो लोकल मात्र तो गंभीर मालिकांसाठी ठेवतो. खारला प्रेत सापडलं, तर मरीन लाइन्सला खुनी कळतो. लेक्चरची हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, हे त्याला परीक्षेच्या तोंडावर समजतं. तेव्हा तो कॉलेजच्या व्यवस्थेवर लिहितो.

त्याला संथ सिनेमा आवडतो. ‘कोर्ट’वर तो तासभर बोलू शकतो: कॅमेरा जागचा हलत नाही, दृश्य संपलं तरी कट होत नाही, चैतन्य ताम्हाणेने प्रेक्षकाला कसं वाट बघायला लावलंय! मी भारावून विचारलं, कुठे बघितलास? तर म्हणाला, “मोबाइलवर, दीडपट स्पीडने. वॉचलिस्ट फार साचलीय हो.” शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात. तेवढ्या डुलकीपुरता त्याने स्पीड नेहमीचा ठेवला होता म्हणे. आदर म्हणून.

घरात त्याची गाठ आजीशी आहे. ‘ब्रेकिंग बॅड’चे बासष्टच्या बासष्ट भाग आपण सलग संपवले, हे त्याने एकदा जेवताना छाती काढून सांगितलं. आजीने ताकाची वाटी खाली ठेवली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांच्या वर गेले, आणि त्या काळात आजीने एक मोतीबिंदू, दोन लग्नं आणि एक बारसं मालिकेच्या वेळा सांभाळून उरकलं होतं. “बासष्टात काय होतंय रे? आमच्याकडे तेवढ्यात सून ओटीवरून स्वयंपाकघरात पोचायची.” अडीचने त्यावर ‘स्लो बर्न’ असा शब्द वापरून पाहिला. आजी म्हणाली, दुधाखालचा गॅस बघ आधी.

तो आजीच्या मालिकांना शिव्या देतो, पण साडेसातला पाणी प्यायला म्हणून बाहेर येतो आणि साडेआठपर्यंत पाणी पितो. मध्येच सांगतो, “आता बघ, या पात्राचा आर्क संपत आला.” आजी सांगते, “तिचं लग्न ठरलंय खऱ्यात. म्हणून घालवतायत.” आजीचं भाकीत आजवर चुकलेलं नाही. वास्तव रूपवाणीसारखं नियतकालिक चालवणाऱ्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीने १९६८पासून चोखंदळ प्रेक्षक घडवले, ते खरंच. पण आमच्या आजींसारखा प्रेक्षक घडवायला संयुक्त कुटुंबच लागतं.

खरी जुगलबंदी तळमजल्यावर. तिथले काका सेटिंगमध्ये आहेत. तीस वर्षं मालिकांच्या भिंती उभ्या करतायत आणि पाडतायत. कला या विषयावर त्यांचं एकच मत आहे: मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. अडीच एका संध्याकाळी त्यांना लाल पडद्याचा अर्थ सांगत होता. नायिकेच्या खोलीत पहिल्या महिन्यात निळा होता, नंतर लाल झाला, म्हणजे दबलेला संताप वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “निळा दुसऱ्या सेटवर गेला, बाळा. गोदामात लालच उरला होता.”

अडीच हटला नाही. म्हणाला, आपण राहतो ती भूमी साधी नाही. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल इथेच, अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा होता, ते हजारो आरसे म्हणजे बादशहाच्या सत्तेला पडलेले तडे. काका म्हणाले, आरसे म्हणजे लाइटचा ताप. दिवा लावला की झगमगाट थेट कॅमेऱ्यात. कॅमेऱ्यामागे आर. डी. माथुर होते म्हणून निभावलं, त्यांनी उजेड सरळ न टाकता परतवून घेतला. “१९६०चं काम आहे. तुझा तडा त्यांना दिसला असता तर काच बदलून घेतली असती.”

आता तुम्हाला वाटेल, मी काकांच्या बाजूने आहे. मुळीच नाही. काकांनी उभारलेल्या भिंतीकडे तीस वर्षांत निरखून बघणारा हा एकटाच, हे काकांनाही ठाऊक आहे. नाहीतर ड्युटीवरून आल्यावर चपला न काढता ते त्याच्या दारात कशाला जाऊन उभे राहतील? “काल मागचा खांब बघितलास का रे? थर्माकोलचा होता. वाटला?”

यंदा गणपतीनंतर अडीचने शॉर्टफिल्म काढली. सात मिनिटांची. आजी खिडकीत उभी राहते, एवढीच गोष्ट. आजीने पहिल्याच टेकमध्ये डोळ्यांत पाणी आणलं आणि दुसरा टेक द्यायला नकार दिला. मालिकेची वेळ झाली होती. पडदा काकांनी लावला. लाल.

गच्चीवर चादर टांगून खेळ झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग पडद्याच्या भाड्याचा विषय काढला. अडीचने खिसे चाचपले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, “नव्वद दिवसांनी देतो, काका.”

काका मला कोपराने ढोसत म्हणाले, “पोरगा लायनीला लागला!”