गॅरेजचा कोबा

पाने, पकडी, व्हाइस, ड्रिल मशीन यांच्या खरेदीत माणूस रंगून जातो. हे सगळं ज्या जमिनीवर उभं राहायचं, तिच्याबद्दल त्याची अपेक्षा एवढीच, की ती असावी. कोबा ही गॅरेजातली सर्वांत मोठी वस्तू. पण कौतुकाने कोबा दाखवायला मित्रांना बोलावणारा मालक दुर्मीळच.

कोब्याचं निम्मं काम तो दिसायच्या आधीच संपतं. मुरूम पसरा, पाणी मारा, धुम्मसाने ठोका. त्यावर सोलिंग, खालची ओल अडवायला प्लॅस्टिकचा कागद. दाराकडे दहा फुटांना इंच-सव्वा इंच उतार. तो चुकला, की गाडी धुतलेलं पाणी वेल्डिंग मशीनचाच कोपरा शोधत जातं.

काँक्रीट ओतलं, की परीक्षा माणसाची. वर पाणी सुटतं आणि ते जाईपर्यंत गप्प बसायचं असतं. मालकाला ते जमत नाही. त्याच्या घाईपायी वर कोरडं सिमेंट भुरभुरलं जातं, गुरमाळा फिरतो, कोबा त्या दिवशी झकास दिसतो आणि पुढे वर्षानुवर्षं केराबरोबर धूळ देत राहतो. जाणता गवंडी अशा वेळी निवांत तंबाखू मळतो. त्या तंबाखूची मजुरी आनंदाने द्यावी.

काँक्रीट आकसतं, त्यामुळे भेग पडायचीच. म्हणून दुसऱ्या दिवशीच कटरने सरळ खाचा माराव्यात: चार इंच जाडीला इंचभर खोल, आठ-दहा फुटांवर. मग भेग आखून दिलेल्या रेघेत पडते. संसारात ही सोय नाही.

पुढचा गैरसमज वाळण्याचा. सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन कडक होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. म्हणून वाफे करून पाणी साठवायचं किंवा ओलं गोणपाट अंथरायचं. भारतीय मानक आयएस 456 साध्या सिमेंटला किमान 7 दिवस सांगतं, कडक कोरड्या हवेत 10. ताकद मोजतात 28 दिवसांनी. लोणचं मुरायच्या आधी बरणी उघडणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. तरी या काळात कोब्यावर पहिलं पाऊल मालकाचं नसतंच. तो मान गल्लीतल्या कुत्र्याचा.

शेवटी हौस इपॉक्सीची. त्याआधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून कोब्यावर रात्रभर ठेवावा. सकाळी खाली घाम दिसला, तर डबा उघडू नये. नाहीतर रंगाचे पोपडे टायरला चिकटून फिरायला जातील.

सिमेंट, वाळू, खडी दुकानात मिळते. महिनाभर थांबायची तयारी घरूनच आणावी लागते. ती नसेल, तर सरळ शहाबादी फरशी टाका आणि मोकळे व्हा.