नायिकेचे अश्रू आणि महसूल मंडळ

नायिकेला माहेर आठवावयाचे तर आभाळ भरून आलेच पाहिजे आणि नायकाचा प्रेमभंग व्हावयाचा तर वीज कडाडलीच पाहिजे, असा आपल्या कथाकारांचा दृढ समज दिसतो. निसर्गावर मानवी भावना लादण्याची ही खोड जॉन रस्किन या इंग्रज समीक्षकाने १८५६ सालीच दोषांत गणली असली, तरी तो हुकूम आमच्याकडे अद्याप तामील झालेला नाही. पुण्या-मुंबईस हा शौक परवडतो; परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या बीड जिल्ह्यातील नायिकेने काय करावे? मृगात ती आभाळाकडे पाहते ती विरहाने नव्हे, दुबार पेरणीच्या धास्तीने. आणि कार्तिकात अवकाळी सरी कोसळल्या की तिला प्रियकर न आठवता, फुटल्या बोंडातच भिजून काळवंडणारा कापूस व सावकाराचा तगादा आठवतो. शिवाय येथे भावनेला सरकारी मापही आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज अतिवृष्टी गणली जात नाही, तेव्हा ६४ मिलिमीटरांत कोसळलेले दुःख दप्तरी ग्राह्य धरावे कसे? निरभ्र आकाशाची तर कथेत कोणी दखलच घेत नाही. वस्तुतः १९७२ च्या दुष्काळातील, सरकारी कामांवर खडी फोडण्याच्या आणि तेथे वाटलेल्या सुकडीच्या साऱ्या आठवणी त्याच्याच खाली साठलेल्या आहेत. सबब, बीडची कथा लिहू इच्छिणाऱ्या लेखकमहाशयांनी प्रथम गावची आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पाहावी आणि ती पन्नास पैशांच्या आत असल्यास नायिकेस खुशाल ऊसतोडीला धाडावे. तेथे तिचे मन उदास करण्यास ढगांची गरज पडत नाही, मुकादम पुरेसा असतो.