आभासी दारव्हा

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत माणसाला घाबरवायचं ठरलं, की डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवून त्याला खोल खड्ड्याच्या काठावर उभं करतात. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लंडनमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी मिलग्रॅमचा, सांगितलं म्हणून दुसऱ्याला विजेचे धक्के द्यायला लावणारा प्रयोग २००६ साली आभासी बाईवर करून पाहिला. ती खोटी आहे हे ठाऊक असूनही धक्के देणाऱ्यांच्या शरीरात ताण नोंदला गेला. म्हणजे चित्र ओबडधोबड चालतं, प्रसंग पटला पाहिजे. आता हाच न्याय यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला लावा. शेतकऱ्याच्या ताणाचा अभ्यास म्हटलं, की रचनाकार रेखाटणार भेगाळलेली जमीन, एक कडुनिंब आणि डोक्याला हात लावलेला म्हातारा. टीव्हीवर दिसतं तेवढंच. खरा प्रसंग कापूस खरेदी केंद्रावर घडतो. गाडीतल्या कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात, आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत, मग व्यापाऱ्याच्या दारात पडेल तो भाव. या दृश्यात खड्डा कुठेच दिसत नाही.

कुणी म्हणेल, प्रयोगात सगळ्यांना एकसारखा, मोजूनमापून प्रसंग द्यावा लागतो. खरेदी केंद्रावरच्या रांगेचा गोंधळ कसा आवरणार? रास्त आहे. पण ओलावा ११, १२, १३ असा हवा तसा फिरवता येतो. याहून नेमकं काय हवं? अडचण वेळेची आहे. चष्म्याने मळमळतं म्हणून सत्र लवकर आटोपतात, अन् इकडे गाडी रांगेत लागली की रात्र तिथंच काढायची. एवढं लांब सत्र नीतिसमिती मंजूर करणार नाही. सहभागींना फार त्रास होतो म्हणे.