नागपुरी हरितगृहातील लांबट टोमॅटो : एक शास्त्रशुद्ध विवेचन

१. वास्तुविचार

सूर्याची उष्णता काचेच्या वा प्लास्टिकच्या आवरणाखाली कोंडून धरणारी वास्तू म्हणजे हरितगृह, अशी व्याख्या थंड देशांतील ग्रंथांत आढळते. परंतु ज्या नगरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअस ओलांडतो, तेथे ही उष्णता कोंडण्याची गरज नेमकी कोणाला पडते, याचा खुलासा ते ग्रंथ करीत नाहीत. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले, तेव्हा ही व्याख्या येथेही लागू पडली, हे मान्य केले पाहिजे. मात्र एका पहाटेच्या भरवशावर इमारत उभारता येत नसल्यामुळे साधकाने गच्चीवर लोखंडी पाइप रोवून, निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी त्यांवर ताणावी आणि तिलाच हरितगृह म्हणावे. गच्चीवर येणाऱ्या वानरांनीही तसेच म्हणावे अशी अपेक्षा ठेवू नये.

२. बीजविचार

लांबट टोमॅटो म्हणजे जाड गराचा, कमी रसाचा व कमी बियांचा, मुख्यतः आटवण्यासाठी योग्य असा प्रकार होय. त्यांपैकी ‘रोमा’ आणि लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचा ‘पंजाब छुहारा’ हे आटोपशीर वाढीचे वाण असून, इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातील ‘सान मार्झानो’ हा अमर्याद वाढीचा, म्हणजे शेंडा वाढतच राहणारा व म्हणून आधार मागणारा वाण आहे; ज्वालामुखीच्या शेजारी वाढलेल्याला नागपूर सोसेल, हा तर्क आकर्षक असला तरी सदोष आहे. बी ट्रेमधील ओलसर कोकोपीटमध्ये सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. ते साधारण आठवडाभरात उगवते आणि चार-पाच आठवड्यांनी रोप कुंडीत हलवता येते.

३. शीतविचार

दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर राहिल्यास परागकण निकामी होऊन फुले गळतात, आणि ३० अंशांच्या वर लायकोपीन, म्हणजे फळाला लाली देणारे द्रव्य, नीट तयार होत नसल्याने फळ पिवळट राहते. यावर व्यावसायिक हरितगृहांत ‘पंखा व ओली गादी’ ही पद्धत वापरतात : एका टोकाचा पंखा हवा ओढतो, ती दुसऱ्या टोकाच्या ओल्या गादीतून येते, आणि पाण्याच्या बाष्पीभवनामुळे थंड होते. नागपूरकर हेच यंत्र वाळ्याच्या ताट्या लावून दिवाणखान्याच्या खिडकीत वापरतात व त्याला कूलर म्हणतात. घरात कूलर एकच असल्यास तो आजोबांकडे ठेवावा की टोमॅटोकडे, हा प्रश्न वरकरणी नाजूक आहे. परंतु उन्हाने फुले गळण्याचा धोका दोहोंपैकी एकालाच असतो, हे शास्त्रीय सत्य कुटुंबाच्या बैठकीत शांतपणे मांडावे. बैठक फसल्यास पेरणी सप्टेंबरात करावी, म्हणजे फुलोरा थंडीत येतो आणि कूलरचा प्रश्नच उरत नाही.

४. परागविचार

टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण तो पराग झडण्यासाठी फुलाला हादरा लागतो. उघड्यावर हे काम वारा व भुंगे करतात; जाळीआड ते साधकाकडे येत असल्याने त्याने रोज सकाळी झुपके बोटाने हलवावेत आणि शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाल्यास हा व्यायाम असल्याचे सांगावे. पाणी मात्र नियमित द्यावे, कारण पाण्यात खंड पडल्यास फळाच्या टोकाला कॅल्शियम पोहोचत नाही व ते काळे पडून सडते. लांबट वाणांत हा दोष विशेष आढळतो.

५. फलविचार

सप्टेंबरातील पेरणीची फळे जानेवारी-फेब्रुवारीत पिकतात, म्हणजे ज्या दिवसांत नागपूरच्या कॉटन मार्केट या भाजीबाजारात टोमॅटोचे ढीग लागलेले असतात नेमक्या त्याच दिवसांत. आणि जुलै २०२३ मध्ये देशभर किलोमागे शंभर रुपयांच्या वर भाव गेला, तशा प्रसंगी या पद्धतीत बी अद्याप पाकिटातच असते. म्हणून जाळी, पाइप व घेतलाच असल्यास दुसरा कूलर यांचा खर्च घरदुरुस्तीच्या खात्यात मांडावा, म्हणजे टोमॅटो फुकट पडतात.