देश घाऊक भावात

नाना देश नगावर मोजतात. सुरतेच्या रिंग रोडच्या कापड मार्केटात ज्याने उभी हयात दलालीत घालवली, त्याला जगाकडे बघायची दुसरी रीत सुचायची कुठून? ग्रे कापडाचा भाव मीटरवर, साडीचा नगावर आणि परदेशाचा शिक्क्यावर. विमान, व्हिसा, हॉटेल, जेवण असा सगळा खर्च एका बाजूला मांडायचा, पासपोर्टावर नव्याने पडलेल्या देशांनी त्याला भागायचं, आणि येईल ती पडतर. शेजारचं कुणी युरोपला जाऊन आलं की नाना फोटो बघत नाहीत. ‘किती पडले?’ एवढंच विचारतात. सात म्हटलं की खूश होतात. कुणी पंधरा दिवस नुसतं जपान पाहून आलं असेल तर मात्र त्यांच्या जिवाला लागतं. एवढा पैसा ओतून एकच नग? पार्टीने फसवलं वाटतं.

नाना मूळचे अमळनेरकडचे. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेश आणि सुरत एकमेकांना जोडल्याला सव्वाशे वर्षं होत आली. त्या रुळांवरून उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथे निम्मा खानदेश येऊन बसला, त्यातलेच हे. घरात अहिराणी, सोसायटीत मराठी, धंद्याला गुजराती आणि रिक्षावाल्याशी हिंदी. अशा माणसाला परदेशात भाषेची भीती वाटत नाही. चार येतात, पाचवीला काय लागतं?

त्यांचा पहिला परदेश म्हणजे दीव. यावर हसलात तर नानांचं म्हणणं तयार असतं. दीववर पोर्तुगालचं राज्य होतं ते 19 डिसेंबर 1961 पर्यंत आणि नाना जन्मले 1960 साली. ‘मी जन्मलो तेव्हा तो परदेशच होता, भो. नंतर सरकारने आत घेतला, त्यात माझा काय दोष?’ याच हिशेबाने दमणही परदेश. तो तर वापीपासून रिक्षाच्या अंतरावर, म्हणजे पडतर नावापुरती. दादरा-नगर हवेली मात्र आम्ही त्यांना मोजू दिली नाही. ती 1954 सालीच सुटली होती. त्यांच्याच नियमात बसत नव्हती. त्याचा राग अजून आहे.

गुजरातचा माणूस दीव-दमणला कशासाठी जातो ते सांगायला नको. नाना माळकरी. ते तिथे लिंबू-सोडा पितात आणि बरोबरच्यांचे ग्लास मोजतात.

समुद्रप्रवासाची रंगीत तालीम झाली ती हजिऱ्याला. 8 नोव्हेंबर 2020 ला हजिरा ते घोघा ही मोठी बोट सुरू झाली. रस्त्याने 370 किलोमीटर, पाण्यातून 90. खाली ट्रक, वर मोटारी, त्याच्या वर माणसं. बहुतेक सगळे भावनगर-अमरेलीकडचे हिऱ्याचे कारागीर, गावाला निघालेले, मोबाइलवर सिनेमा लावून आडवे झालेले. त्या गर्दीत नाना एकटे छातीवर पासपोर्टाची पिशवी लटकवून कठड्याला उभे. खंभातच्या आखातातलं पाणी चहाच्या रंगाचं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघत होते. शेजारच्या काठियावाडी म्हाताऱ्याने त्यांना ‘लंकानी लाडी ने घोघानो वर’ ही म्हण ऐकवली. घोघ्याचे खलाशी एके काळी लंकेपर्यंत सोयरिकी जुळवून यायचे, अशी तिची ख्याती. नानांना एवढं ऐकून उगाचच चेव आला. घोघ्याला उतरल्यावर शिक्का मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी तिकिटाचा तुकडा प्लास्टिकमध्ये घालून ठेवला. तो आजही पासपोर्टाच्या मागच्या खणात आहे.

नाना सुरतेचं हल्लीचं पीक आहे असं मात्र समजू नका. या गावाला असल्या प्रवाशांचा चारशे वर्षांचा इतिहास आहे. टॉमस कोरियट नावाचा इंग्रज अलेप्पोपासून पायी चालत अजमेरला जहांगीरच्या दरबारापर्यंत आला. एवढ्या वाटचालीत त्याने काय पाहिलं हे बाजूला ठेवा. घरी पाठवलेल्या पत्रात त्याने अभिमानाने कळवलं की दहा महिन्यांचा खर्च अवघा तीन पौंड आला, आणि जेवणाचेही हाल झाले नाहीत. पडतर काढणारा माणूस! पुढे तो सुरतेला आला. पोट आधीच बिघडलेलं, त्यात इथल्या इंग्रज व्यापाऱ्यांनी आग्रहाने मद्य पाजलं आणि डिसेंबर 1617 मध्ये गडी आटोपला. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांना त्याच्या मरणाचं फारसं काही वाटलं नाही. ‘तीन पौंडांत देश किती झाले?’ त्यांनी विचारलं.

तर आमची सिंगापूरची सहल. बेट, समुद्र, सेंटोसा, रात्रीचे दिवे, सगळं पॅकेजमध्ये. आमची दोन कुटुंबं आणि नानांचं एक. विमानतळावर पासपोर्ट मशीनवर ठेवला, डोळे दाखवले, अंगठा लावला, काचेचं दार उघडलं आणि आम्ही देशात. नाना दारापलीकडे थबकले. पानं उलटली, परत उलटली. मग एका गणवेशातल्या मुलीपुढे पासपोर्ट धरून त्यांनी मुठीने हवेत ठप्पा मारून दाखवला.

‘नो स्टॅम्प, सर. ईमेल,’ ती हसून म्हणाली.

सिंगापूरने परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टावर शिक्के मारणं बंद केलंय; आल्याची पोच मेलवर येते. आम्हाला सोय वाटली. नानांचं तोंड बिल न घेता माल सोडून आलेल्या दलालासारखं झालं. पुढचे दोन दिवस त्यांनी मर्लायन पाहिला, बागेतली ती लोखंडी झाडं पाहिली, केबल कारमध्ये बसले, पण चेहऱ्यावर तेच. हा देश खात्यात धरायचा कशाच्या आधारावर?

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला नाना दाढी करून, पिशवी लटकवून आधीच हजर. ‘चला, इंडोनेशियाला जाऊन येऊ. संध्याकाळी परत.’ जणू उधन्याहून चौकबाजारला जायचं होतं. आम्हाला तो त्यांचा झटका वाटला, पण नाही. सिंगापूरचा व्हिसा पुन्हापुन्हा प्रवेशाचा आहे, एकदाचा नाही, हे त्यांनी सुरतेतच एजंटाकडून तीनदा वदवून घेतलं होतं. दुसऱ्या नगाची तजवीज घरूनच होती.

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून इंडोनेशियातल्या बाताम बेटाची बोट सुटते. तासाभराचा रस्ता. आत एसी, टीव्हीवर गाणी, आणि बाहेर सामुद्रधुनीत नांगर टाकून पडलेली जहाजं, नजर जाईल तिथपर्यंत. नानींनी थेपले आणि ठेचा काढला. पुढच्या रांगेतल्या चिनी आजोबांनी मान वळवून वास घेतला. नानींनी त्यांच्या हातावर एक थेपला ठेवून विषय मिटवला.

मी नानांना उगाच ज्ञान पाजळलं. हे समोरासमोरचे किनारे दोन वेगळे देश झाले ते 1824 च्या लंडन करारामुळे. सामुद्रधुनीच्या वरची बाजू इंग्रजांची, खालची डचांची. आणि त्याच करारात डचांनी हिंदुस्थानातल्या आपल्या वखारी इंग्रजांना देऊन टाकल्या. त्यात सुरतेची वखारही गेली. कतारगाम दरवाज्याजवळ डचांच्या घुमटवाल्या कबरी आहेत, तेच हे डच.

नाना थेपला हातात तसाच धरून विचारात पडले. ‘म्हणजे एकाच सौद्यात आपली वखार गेली आणि हे बेट परदेश झालं?’

‘तसंच काहीसं.’

‘मग यात आपलं जुनं येणं निघतं, भो.’

बोट साडेनऊला सुटली होती. बातामला पाय ठेवला तर भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊच. बाताम सिंगापूरच्या एक तास मागे. हे कळल्यावर नानांना जो आनंद झाला तो सेंटोसाला झाला नव्हता. ‘म्हणजे येण्याचा वेळ फुकटात पडला!’ परतताना हा तास ते लोक वसूल करतात, हे मी तेव्हा बोललो नाही.

मग व्हिसाची खिडकी. आल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचा दर पाटीवर लिहिलेला होता: 5,00,000. नाना एक पाऊल मागे सरले. माणशी पाच लाख! नानांच्या मुलाने मोबाइलवर हिशेब करून दाखवला, रुपयात तीन हजारांच्या आतबाहेर. तरी लाखाच्या नोटा मोजताना नानांचा हात कापत होता. ‘पाच लाख रोख दिले’ हे वाक्य त्यांना पुढे सुरतेत वापरायचं होतं, हेही तेव्हाच ठरलं असावं.

खरा प्रसंग पुढच्या काउंटरवर. नानांनी पासपोर्ट उघडून दिला तो चौथ्या पानावर, आणि बोटाने वरचा डावा कोपरा दाखवला. इथे मारा. एका पानावर चार शिक्के बसले तर पासपोर्ट दहा वर्षं पुरतो, असं त्यांचं गणित. अधिकारी तरुण होता, टोपी नीट बसवलेली. त्याने नानांकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि नव्या कोऱ्या पानाच्या बरोबर मध्यावर, किंचित तिरपा, ठप्पकन शिक्का मारला. नानांचा जीव हळहळला, पण फार वेळ नाही. बाजूला येऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शाई वाळेपर्यंत पानावर हळूहळू फुंकर घातली. मग म्हणाले, ‘झालं. परतीची बोट कितीची?’

‘अहो, देश तरी बघू,’ नानी म्हणाल्या.

खरं सांगायचं तर बाताम पाहिलं ते नानींनीच. धक्क्यासमोरच्या मॉलमध्ये एका बाईकडे चपट्या, पिवळसर चकत्यांची पाकिटं होती. नानी तिथेच थांबल्या. वाळवण ओळखायला खानदेशी बाईला भाषा लागत नाही. त्यांनी हाताने थापून दाखवलं, आकाशाकडे बोट करून ऊन दाखवलं, मग तेलात टाकल्यावर फुलतं ते दहा बोटं पसरून दाखवलं. बाई खुदखुदली आणि तिने कुटून चपटं करायची कृती हातवाऱ्यांनीच सांगितली. एम्पिंग म्हणतात त्याला. मेलिंजो नावाच्या झाडाच्या बिया कुटून, वाळवून करतात. मासळी नाही ना, हे मुलाने मोबाइलवर खात्री करून घेतलं. पुढची वीस मिनिटं बिबडे आणि एम्पिंग यांची चर्चा चालली. सून दुभाष्याची जबाबदारी घ्यायला पुढे झाली, तर दोघींनी तिला बाजूला केलं.

नाना तोवर पैसे बदलणाऱ्याच्या खिडकीशी. इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती आहे हे त्यांना मोबाइलवरच्या ग्रुपमधून कळलं होतं. तशी नोट होती खरी, 1998 सालची, 20,000 ची. ती कधीच चलनातून गेली. नानांनी खिडकीतल्या मुलाला सोंड काढून दाखवली. त्याने अदबीने त्यांना प्राण्यांच्या बागेचं माहितीपत्रक दिलं.

नंतर टॅक्सीवाल्याने विचारलं, नागोयाला जायचं का? बातामच्या बाजारपेठेचं नावच नागोया. नानांचे कान टवकारले. ‘नागोया जपानात आहे ना? चला!’ बाजार म्हणजे आपली मार्केट लाइनच होती. कापड, मोबाइलची कव्हरं, फिरत्या खुर्च्यांवर केस कापून घेणारे सिंगापूरवाले. शनिवार-रविवारी ते इकडे स्वस्तात खायला-प्यायला, अंग रगडून घ्यायला येतात आणि केकचे खोके घेऊन परत जातात. म्हणजे सिंगापूरचं दमण हेच. मी हे बोलून दाखवलं. नाना म्हणाले, ‘दमणला शिक्का मारतात का?’

परतीला घड्याळाने तो तास परत घेतला. सिंगापुरात शिरायचा फॉर्म मोबाइलवर नव्याने भरावा लागला आणि काचेचं दार पुन्हा नुसतंच उघडलं. नानांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

डिंडोलीला आल्यावर ओट्यावर हिशेब मांडला गेला. इंडोनेशिया एक, पक्का. सिंगापूर अर्धा, कारण मेलची प्रिंट काढलीय. नागोया पाव. कुणीतरी कुरकुर केली की बाताम म्हणजे काही इंडोनेशिया नव्हे, बाली बघायला पाहिजे. नाना शांतपणे म्हणाले, ‘तू दिल्लीला गेला होतास ना? मग काश्मीर बघायला पाहिजे होतं.’ आणि मग ते पाच लाख रोख.

आता त्यांनी लंका काढली आहे. तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून जाफन्याकडच्या कांकेसंतुरैला ऑक्टोबर 2023 मध्ये बोट सुरू झाली. 110 किलोमीटरच्या आसपास पाणी. हवा आणि समुद्र बघून मध्येमध्ये ती बंदही असते. विमान नाही, हॉटेल नाही, पडतर कोरियटच्या तोडीची येईल असा नानांचा अंदाज. परवा त्यांनी तिकीटवाल्याला फोन लावला होता, स्पीकर बंद ठेवून. सुरतेच्या हिंदीत विचारलं, ‘ठप्पा मारते है ना, भाई?’ पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. नानी चहाचा कप घेऊन उभ्या. शेवटी नानांनी फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितलं, ‘मारतात म्हणे. बोटीचं तेवढं नक्की नाही.’