मेणकाका

जवळपास प्रत्येक सोसायटीत एक मेणकाका असतात. आमच्याही आहेत. रविवारी सकाळी बाकीचे पुणेकर पोह्यांवर लिंबू पिळत असतात, तेव्हा हे पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटपाशी गाल नेऊन, एक डोळा मिटून, दुसऱ्याने कालचा ओरखडा शोधत असतात. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, कमरेला पट्टा नाही. बक्कल घासलं तर रंगावर रेघ उठते, म्हणून या कामासाठी खास नाडीचा लेंगा.

अशा वेळी सहज म्हणून 'काय काका, पॉलिश का?' एवढं विचारलंत, की पोहे गार झालेच म्हणून समजा. 'पॉलिश?' असं म्हणून ते आधी तुमच्याकडे पाहतात, मग तुमच्या गाडीकडे, आणि सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवतात. पॉलिश खरवडतं, वॅक्स राखतं, हे त्यांचं मूळ सूत्र. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. पॉलिशमधले बारीक कण ओरखड्याच्या कडा घासून सपाट करतात, म्हणून गाडी चमकते. पण घासला गेलेला थर काही परत येत नाही. चमक हवी तर थर जातो, थर जपावा तर ओरखडे राहतात. या पेचात काका कैक वर्षं उभे आहेत. अर्जुनाला निदान शेजारी कृष्ण तरी होता.

वॅक्सचं मात्र ते प्रेमाने सांगतात. कार्नोबा! ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येणारं मेण. कडक उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड ते स्वतःच तयार करतं. 'झाडाला कळतं हो,' बी विंगकडे बघत काका म्हणतात. बी विंगमधल्या लोकांच्या गाड्या उन्हात उभ्या असतात.

डबीतलं मेण स्पंजावर बोटभर घ्यायचं आणि इतकं पातळ फासायचं, की लावलंय की नाही अशी शंका यावी. जाड लावणाऱ्यांना काका नवशिके म्हणतात, तेही चांगल्या मूडमध्ये असतील तर. पत्रा गार हवा, जागा सावलीची हवी, आणि बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकला थेंबही लागता कामा नये, नाहीतर पांढरट डाग महिनोन्‌महिने वाकुल्या दाखवतात. मेणावर धुरकट साय आली की पाक एकतारी झाला का बघावं तसं ते त्यावर बोट ओढून पाहतात. बोटाखालची पट्टी स्वच्छ निघाली तर फडकं. फरफटली तर अजून थांबायचं. त्या थांबण्यात फोन घेत नाहीत.

फडकं म्हणजे मायक्रोफायबर. काकूंनी एकदा त्यातल्या एकाने ओटा पुसला होता. त्या फडक्यावर आजही 'ओटा' असं मार्करने लिहिलेलं आहे आणि ते वेगळ्या डब्यात राहतं.

पाण्याचं प्रकरण याहून नाजूक. बोअरचं पाणी जड. वाळलं की रंगावर क्षारांचे ठिपके. काकूंनी भाबडेपणाने आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी सुचवलं. क्षार तर त्यातच सगळ्यात जास्त! काका काही न बोलता बाल्कनीत गेले आणि त्यांना एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी दिसलं. त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून बाहेर धो-धो पाऊस कोसळत असताना त्यांच्या हॉलमधला एसी का चालू असतो, हे सोसायटीत फक्त वीजबिल भरणाऱ्या काकूंना ठाऊक आहे.

त्यांचा खरा शत्रू पाऊस नव्हे, धूळ नव्हे, कबुतरंही नव्हेत (कबुतरं दुसऱ्या क्रमांकावर). शत्रू म्हणजे पहाटे एक बादली आणि एकच फडकं घेऊन अख्ख्या विंगच्या गाड्या पुसणारा पोरगा. पहिल्या गाडीची वाळू तो शेवटच्या गाडीपर्यंत प्रामाणिकपणे पोचवतो. काका त्याला दर महिन्याला इतरांइतकेच पैसे देतात, गाडीला हात न लावण्याचे. पोरगाही कामाचा सच्चा; काकांची गाडी आली की वळसा घालून जातो.

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर काकांचा हात बसला. तिचा रंग एकथरी होता. जुन्या बनियनने घासलं की बनियनला रंग यायचा. हल्ली फडकं पांढरं ते पांढरंच राहतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

मध्यंतरी मुलाने ही बारा वर्षांची गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक मेकॅनिकला घेऊन आलं. मेकॅनिकने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारांवर बोटाने टकटक केली, दाराचं रबर ओढून आत डोकावला आणि म्हणाला, 'काका, खरं सांगा, गाडी ठोकलेली आहे ना? ओरिजिनल रंगाला बारा वर्षांनी एवढी चमक नसते. फुल रिपेंट आहे ही.' आणि ४०,००० रुपये कमी सांगितले.

मुलगा भांडायला पुढे सरसावला. काकांनी त्याला हाताने मागे सारलं, मेकॅनिकला वर घरी नेलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, 'अगं, दोन कप चहा टाक आणि जरा बाहेर ये. हे काय म्हणतायत ते ऐक. सांगा हो, परत सांगा.'