गोल शिक्का

टोल्किनच्या कादंबरीतली अंगठी माणसाला एका दिवसात बिघडवत नाही. आधी तिची सवय लागते, मग ती खिशात आहे ना हे सारखं चाचपावंसं वाटतं, आणि पुढे ‘ही माझ्याकडेच सुरक्षित आहे’ अशी प्रामाणिक खात्रीच पटते. १९५४-५५ साली इंग्लंडात छापलेली ही गोष्ट डोंबिवलीकराला मुळीच परकी वाटत नाही. त्याने आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी पाहिलेले असतात.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना लिफ्ट नसलेल्या ज्या जुन्या इमारती आहेत, त्यांतल्या प्रत्येकीत कुठल्या तरी कपाटात पत्र्याच्या डब्यात एक गोल शिक्का असतो. कडेने संस्थेचं नाव, मध्ये नोंदणी क्रमांक. शाई जांभळी. पॅड कायम सुकलेलं, त्यामुळे उठवण्याआधी शिक्क्यावर तोंडाने हाऽ करून वाफ सोडावी लागते. फ्लॅट विकायचाय, भाडेकरू ठेवायचाय, बँकेचं कर्ज काढायचंय? ती वाफ मिळेपर्यंत काही हलत नाही.

गंमत म्हणजे सेक्रेटरीकाका पैशाला शिवत नाहीत. खायला फारसं काही नसतंच म्हणा. हस्तांतरणाच्या प्रीमियमला तर शासनाने २००१ सालीच पंचवीस हजारांची मर्यादा घातली. बिघाड निराळ्याच जागी होतो. दिवाळी पहाटे फडके रोडवरच्या गर्दीत खुशाल हरवून जाणारा हा माणूस आता खाली उतरला की आधी कुणाची स्कूटर कुठे लागलीय ते बघतो. पुण्याला लेकीकडे दोन दिवसांवर राहत नाही. ‘मागे कुणाला काही लागलं तर?’ ‘हो’ हा शब्द त्याच्या बोलण्यातून गेला, त्या जागी ‘बघू’ आला. आणि शिक्का दुसऱ्याकडे द्यायचा विषय निघाला की आवाज कळवळ्याने ओला होतो: ‘मला काय हौस आहे? पण लोक त्याचा गैरवापर करतील हो.’ टोल्किनच्या पुस्तकात गँडाल्फसारखा जादूगार ती अंगठी हातात घ्यायलाच घाबरतो, कारण आपण ती भल्यासाठीच वापरायला जाऊ हे त्याला ठाऊक असतं. आमच्याकडे गँडाल्फ कमी.

स्यमंतक मण्याची गोष्ट आपल्याला चतुर्थीच्या चंद्रापुरतीच आठवते. खरं तर ती याच रोगाची जुनी केस आहे. रोज आठ भार सोनं देणारा मणी. सत्राजिताने मागूनही दिला नाही, प्रसेन तो घालून शिकारीला गेला आणि सिंहाच्या तोंडी पडला, पुढे सत्राजितही गेला. मधल्या काळात जांबवंताने तो बाळाला खेळायला दिला होता. एवढ्या प्रकरणात मण्यामुळे ज्याचं डोकं फिरलं नाही, असं ते बाळ एकटंच!

पण मला आवडतो तो विष्णुपुराणातला शेवट. मणी निघतो अक्रूराकडे. इतके दिवस तो अंगावर लपवून हा गृहस्थ यज्ञावर यज्ञ करत बसलेला, कारण दीक्षा घेतलेल्या माणसाला मारायला कोण धजणार? आता भर सभेत प्रश्न येतो, मणी कुणी सांभाळायचा. पावित्र्य पाळणाऱ्यालाच तो लाभतो, अपवित्राचा जीव घेतो. श्रीकृष्ण म्हणतो, मला सोळा हजार बायका, मला हे जमायचं नाही. दादाला मद्य सोडावं लागेल, त्यामुळे त्याचंही नाव नको. वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आमच्याकडे नातवंडं असतात’, ‘माझी शिफ्ट असते’ म्हणत छताकडे बघणाऱ्यांनी ही सबब जरूर वाचावी. इतकी मोकळी सबब कुठल्याही इतिवृत्तात सापडणार नाही. तेव्हा समस्त यादव, बलराम, सत्यभामा आणि मी आपल्याला विनंती करतो, असं म्हणून मणी अक्रूराकडेच ठेवायचं ठरलं. म्हणजे आधीचेच सेक्रेटरी, बिनविरोध. अक्रूराने आढेवेढे घेतले नाहीत. त्या दिवसापासून तो मणी गळ्यात घालून राजरोस हिंडू लागला.